सुपरग्लू, एपॉक्सी, सिलिकॉन: घरच्या दुरुस्तीत कोण किती टिकतं

चिकटवायच्या प्रत्येक ट्यूबवर 'सर्व काही जोडतं' असं छापलेलं असतं आणि शेजारी टांगलेल्या वजनाचं चित्र असतं. चित्र खरं असलं तरी तशी चाचणी सहसा स्वच्छ घासलेल्या धातूच्या पट्ट्यांवर, सरळ ओढून केलेली असते. घरात कपाचा कान पिळला जातो, बुटाचा तळ प्रत्येक पावलाला वाकतो, बादलीची कड पाण्याच्या वजनाने फाकते. या ताणांपुढे किलोच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. चिकटवलेली वस्तू चार दिवसांत पुन्हा हातात येते तेव्हा गोंद बहुधा चांगलाच असतो, फक्त त्या कामाचा नसतो.

म्हणून ट्यूब निवडण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात. वस्तू कशाची आहे? सांध्यावर ताण कसा येणार? तिथे पाणी किंवा उष्णता लागणार का? ताणाचा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवायचा प्रयत्न केला, तर जोर पूर्ण सांध्यावर वाटला जातो आणि जवळपास कोणताही गोंद तो सहन करतो. तेच एका कडेने उचकटायला घेतलं, तर सगळा जोर केसाएवढ्या रेषेवर येतो आणि कडक गोंद तिथून फुटत जातो. कडक गोंद आणि लवचिक गोंद हा फरक इथेच कामाला येतो. पुढची प्रत्येक शिफारस याच फरकावर बेतलेली आहे.

सुपरग्लू: घरोघरी असतो, वापर मात्र बहुधा चुकतो

सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, तेव्हा हे द्रव्य हाती लागलं. हात लावावं तिथे चिकटतं म्हणून ते बाजूला ठेवण्यात आलं. १९५१ मध्ये त्याच गुणाकडे नव्याने लक्ष गेलं आणि १९५८ मध्ये ते गोंद म्हणून विकायला आलं.

हा गोंद हवेने वाळत नाही. पृष्ठभागावर ओलाव्याचा जो अदृश्य थर असतो, त्याच्या संपर्कात येताच त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकी सगळे नियम आपोआप सुटतात. थर जितका पातळ, तितका ओलावा पूर्ण थरात पोहोचतो आणि सांधा पक्का होतो. जाड थेंब घातला तर वरून कवच धरतं आणि आतला गोंद तासन्‌तास पातळच राहतो. नखाएवढ्या सांध्याला एक छोटा थेंब पुरतो. कागदाच्या जाडीएवढी फटसुद्धा पातळ सुपरग्लूला जास्त होते. तुकडे एकमेकांत घट्ट बसत नसतील तर हा गोंद घेऊच नये.

कुठे वापरावा: देव्हाऱ्यातल्या मूर्तीचा किंवा शोभेच्या वस्तूचा उडालेला टवका, खेळण्याचा कडक प्लॅस्टिकचा तुकडा, चष्म्याच्या फ्रेमचा निघालेला शोभेचा भाग, रबरी ओ-रिंग किंवा गॅस्केटचं टोकाला टोक जोडणं. तुटल्याची कड ताजी असेल, दोन्ही बाजू चपखल बसत असतील आणि वस्तूला धक्के बसणार नसतील, तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. तीस सेकंद न हलवता दाबून धरा आणि चोवीस तास त्यावर जोर देऊ नका. हाताला घट्ट लागलं तरी पूर्ण ताकद तेवढा वेळ घेतेच.

कुठे वापरू नये: बुटाचा तळ, पट्टे, पिशव्यांचे बंद. वाळल्यावर हा गोंद काचेसारखा कडक होतो आणि वाकवताच तडकतो. रोज धुतल्या जाणाऱ्या काचेच्या भांड्यावर तो सुरुवातीला झकास बसतो, पण गरम पाणी आणि साबण लागत राहिला की सांधा सुटतो. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तर तो सगळीकडेच ढिला पडतो.

पारदर्शक किंवा काळ्या वस्तूवर सांध्याभोवती जो पांढरा धुरकटपणा येतो, ती गोंदाची वाफ असते. आजूबाजूच्या पृष्ठभागावर बसून ती तिथेच घट्ट होते. गोंद कमी घ्या आणि वस्तूवरून हलकी हवा खेळती राहू द्या, म्हणजे ही खूण उमटत नाही. चष्म्याची काच, कॅमेऱ्याची भिंग यांच्याजवळ तर हा गोंद आणूच नये.

खाण्याच्या सोड्याची युक्ती खरोखर चालते. सोडा अल्कधर्मी असल्याने गोंद त्यावर पडताक्षणी घट्ट होतो आणि खडीसारखा कडक भराव तयार होतो. स्क्रूचं तुटलेलं बस्तान किंवा प्लॅस्टिकचा गेलेला कोपरा भरायला ही पद्धत उत्तम. मात्र चिमूटभर सोडा, एक थेंब, पुन्हा सोडा असे पातळ थर द्यावेत. एकदम ढीग करून गोंद ओतला तर तो तापतो, झणझणीत वाफ निघते आणि आतला सोडा कोराच राहतो. एक धोक्याची गोष्ट: सुती किंवा लोकरी कापडावर गोंद सांडला तर तो इतका तापतो की कातडी भाजू शकते. त्यामुळे सुती हातमोजे घालून किंवा कापसाच्या बोळ्याने हा गोंद कधीच पुसू नये. बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू फिरवत सोडवा. ॲसिटोन लावलं तर लवकर सुटतं, पण ते डोळ्यांच्या आणि ओठांच्या आसपास लावायचं नाही.

दोन ट्यूबचं एपॉक्सी: घरात एकच गोंद ठेवायचा असेल तर हा

रेझिन आणि हार्डनर वेगवेगळ्या ट्यूबमध्ये येतात आणि मिसळल्यावर रासायनिक क्रियेने घट्ट होतात. काही उडून जायचं नसल्याने थर आकसत नाही, फट भरून निघते. धातू, चिनी माती, दगड, लाकूड, काच, कडक प्लॅस्टिक हे सगळं एकमेकांशी जोडता येतं. सुपरग्लूला न जमणाऱ्या ओबडधोबड सांध्यांवर हाच कामाला येतो.

बाजारात दोन प्रकार दिसतात. 'पाच मिनिटांचं' आणि संथ, म्हणजे रात्रभर लागणारं. लोक घाईने पहिलं उचलतात, पण टिकाऊपणा हवा असेल तर दुसरं घ्यावं. संथ एपॉक्सीचा सांधा जास्त मजबूत होतो, पाणी जास्त सोसतो आणि तुकडे नीट बसवायला तासभर हाताशी असतो. पाच मिनिटांच्या प्रकारात चौथ्या मिनिटाला मिश्रण दोरे सोडू लागतं. त्यानंतर लावलेला गोंद पृष्ठभाग ओला करत नाही, नुसता वर बसतो. धरायला सोय नसेल अशा लहान कामांनाच तो ठेवावा.

प्रमाणाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर वाळतं. तसं होत नाही. हार्डनरचा प्रत्येक रेणू रेझिनच्या ठरावीक जागांशी जोडला जातो. जास्तीचा तसाच आत राहतो आणि सांधा कायमचा चिवट, चिकट राहतो. पाकिटावर समान भाग लिहिलं असेल तर कार्डाच्या तुकड्यावर दोन्हींच्या सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या रेघा शेजारी शेजारी ओढा आणि मग मिसळा. लवकर हवं असेल तर उष्णता द्या. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. टेबललॅम्प जवळ ठेवला तरी फरक पडतो. मिसळताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर घोटायचं, कडेचं खरवडून मध्ये घ्यायचं. सांध्याचा एक भाग कडक आणि दुसरा गिळगिळीत राहतो तो बहुतेक वेळा अर्धवट घोटल्यामुळेच.

चिनी मातीच्या बरणीचं किंवा मगचं काम कसं होतं ते पाहा. तुकडे गरम साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. चिनी मातीची तुटकी कड पाणी शोषते, म्हणून रात्रभर उघडं ठेवणं बरं. आधी गोंदाशिवाय सगळे तुकडे बसवून क्रम ठरवा. मधला तुकडा शेवटी ठेवला तर तो बसत नाही, कारण प्रत्येक सांध्यात गोंदाचा थर येऊन जागा किंचित कमी झालेली असते. मग ओशटपणा जावा म्हणून कडांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा. या कडा घासायच्या नाहीत. घासल्या की तुकड्यांचं कुलूप बिघडतं. धातू किंवा प्लॅस्टिक असेल तर मात्र ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासायलाच हवं. गोंद एकाच कडेला, टूथपिकने, पातळ लावा. तुकडा बसवून मास्किंग टेपच्या पट्ट्या सांध्याला आडव्या ताणून लावा. नंतर वस्तू वाळूने भरलेल्या भांड्यात अशी कलती रोवा की जोडलेला तुकडा स्वतःच्या वजनानेच सांध्यावर बसेल. हाताने धरून बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण हात हलतो.

बाहेर आलेला गोंद लगेच पुसायला जाऊ नका, तो पसरतो आणि सगळीकडे चकचकीत पापुद्रा बसतो. गोंद रबरासारखा झाला की ब्लेडने अख्खी दोरी उचलून निघते. पाच मिनिटांच्या प्रकारात ही वेळ साधारण अर्ध्या तासाने येते, संथ प्रकारात काही तासांनी. कार्डावर उरलेल्या गोंदात नख रुतवून बघत राहावं, अंदाज बरोबर येतो.

शिकंजा आवळून पिळण्याचा मोहही टाळावा. एपॉक्सीला थर लागतो. सगळा गोंद बाहेर पिळून काढला तर सांधा उपाशी राहतो आणि पहिल्याच धक्क्याला सुटतो.

आता मर्यादा. साधी घरगुती एपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. गरम पेयाच्या मगचा कान त्याने जोडू नये. कान भरल्या मगसकट हातातून सुटला तर भाजणं ठरलेलं. जोडलेला मग पेनं ठेवायला घ्यावा. उन्हात पारदर्शक एपॉक्सी पिवळी पडते, म्हणून पांढऱ्या वस्तूच्या दर्शनी सांध्यात ती डोळ्याला खुपते. आणि हातमोजे वापरा, नायट्राइलचे. न वाळलेली एपॉक्सी वारंवार कातडीला लागली की ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की सहसा जात नाही.

एपॉक्सी पुट्टी: भरावाला उत्तम, गळतीला बेताची

हेच रसायन कणकेच्या स्वरूपात. दोन रंगांचे गोळे किंवा एकात एक गुंडाळलेली कांडी येते. लागेल तेवढंच कापून दोन ते तीन मिनिटं मळायचं. रंगाची एकही रेघ दिसता कामा नये. मळताना गोळा किंचित कोमट लागला की क्रिया सुरू झाली असं समजा. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं हातात असतात. ओल्या बोटाने वरचा भाग गुळगुळीत करता येतो. चोवीस तासांनी पुट्टीला भोक पाडता येतं, घासता येतं, रंगवता येतं.

सैल झालेल्या स्क्रूसाठी ही पुट्टी फार गुणाची. बिजागरीचं भोक मोठं झालं असेल तर आतला भुसा झटका, पुट्टी काडीने तळापर्यंत ठासा आणि स्क्रूला मेण किंवा ग्रीस लावून तो हलकेच फिरवत आत बसवा. पुट्टी कडक व्हायच्या बेतात आली की स्क्रू अर्धा फेरा मागे-पुढे करा. दुसऱ्या दिवशी स्क्रू काढला तर आत तयार आटे मिळतात. स्क्रूसाठी भिंतीत बसवलेला प्लॅस्टिकचा प्लग सैल झाला असेल तर त्यालाही हीच पद्धत चालते. फक्त भोकातली धूळ फुंकणीने काढायची, कारण पुट्टी धुळीला चिकटली की धुळीसकटच बाहेर येते.

पाण्याच्या नळीची गळती हे हिचं सगळ्यात जाहिरात झालेलं काम, आणि तिथेच हिचा भरवसा सगळ्यात कमी. लोखंडी नळीवर सूक्ष्म भोक असेल, पाणी बंद करता येत असेल आणि नळी पूर्ण वाळवून भोकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर घासता येत असेल, तर पाच-सहा मिलीमीटर जाड वेटोळं करून दाबलेली पुट्टी बरीच टिकते. पाणी वाहत असताना लावलेली पुट्टी मात्र खालून सुटलेलीच असते, कडक झाल्यावर ते दिसतं एवढंच. पाण्याखालीही धरणारी खास पुट्टी मिळते. तीही वाहत्या धारेवर नव्हे, ओल्या पृष्ठभागावर दाबून धरायची असते. प्लॅस्टिकच्या लवचिक नळीवर आणि आट्यांच्या जोडावर पुट्टीचा उपयोग नाही. नळी हलते, पुट्टी हलत नाही, मध्ये भेग पडते. आट्यांतून गळत असेल तर जोड उघडा, जुनी टेप काढा आणि आट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे ताणून द्या. टेप उलट दिशेने गुंडाळली तर जोड आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते.

सिलिकॉन: जुनं पूर्ण काढल्याशिवाय नवं लावणं म्हणजे काम वाया

सिंकची कड, न्हाणीघरातला फरशी-भिंतीचा कोपरा, खिडकीची चौकट. जिथे फट उघडते-मिटते आणि पाणी लागतं तिथे सिलिकॉन सीलंटला पर्याय नाही. तो गोंद नाही, लवचिक बूच आहे. त्याच्या भरवशावर वजन टांगू नये.

विकत घेताना वासाची चौकशी करा. व्हिनेगरसारखा वास येणारा ॲसिटॉक्सी प्रकार काच, ग्लेझ टाइल आणि चिनी मातीला उत्तम चिकटतो. पण घट्ट होताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. ते तांबं, जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, संगमरवर आणि आरशाच्या मागचा लेप खराब करतं. सिमेंटवरही त्याची पकड बेताचीच. या सगळ्यांसाठी पाकिटावर 'न्यूट्रल' लिहिलेलाच घ्यावा. आरशाच्या कडेला महिन्याभराने काळे डाग दिसू लागले तर कारण बहुतेक हेच असतं.

वाळलेल्या सिलिकॉनला काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. त्यामुळे जुन्या थरावर नवा थर ओढण्याचं काम कितीही नीट केलं तरी ते सालपटासारखं निघतं. जुना थर दोन्ही बाजूंनी पात्याने कापा, ओढून काढा, उरलेला पापुद्रा प्लॅस्टिकच्या खरवडणीने घासा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोट फिरवून रबरी अडथळा जाणवला तर अजून शिल्लक आहे. काळी बुरशी असेल तर ती आधी मारून, धुऊन, किमान एक पूर्ण दिवस फट वाळू द्या. फटीतली ओल आत कोंडली की बुरशी नव्या थराखालून वर येते. या जागांसाठी बुरशीरोधक, 'सॅनिटरी' प्रकार घेणं शहाणपणाचं.

मग फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. सिलिकॉनच्या नळीचं टोक तिरकं, पंचेचाळीस अंशांत कापा. छिद्र फटीपेक्षा थोडंसंच मोठं असू द्या. सगळे जण टोक फार मोठं कापतात आणि मग अर्धी नळी बोटांवर येते. नळी दाबायची बंदूक एकाच वेगाने सरकवा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि टेप लगेच काढा. दहा मिनिटांत वर साय धरते. नंतर टेप काढली तर कड फाटते. खोल फट असेल तर आत फोमची गोल दोरी दाबून मगच सिलिकॉन भरा. त्यामुळे सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि मधून ताणायला मोकळं राहतं. तिसऱ्या, तळच्या बाजूलाही चिकटलं तर फट उघडताच ते मधून फाटतं. बाथटबची कड असेल तर आधी टब पाण्याने भरून ठेवा आणि सिलिकॉन घट्ट झाल्यावरच रिकामा करा. नाहीतर पहिल्या अंघोळीला टब खाली दबतो आणि ताजा सांधा ओढला जातो.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने, बाहेरून आत, दिवसाला सुमारे दोन ते तीन मिलीमीटर या गतीने घट्ट होतं. सहा मिलीमीटरच्या थराला दोन-तीन दिवस लागणारच. पाणी किमान चोवीस तास लागू देऊ नये. त्यावर रंग बसत नाही, त्यामुळे रंगवायची भेग असेल तर ॲक्रिलिक सीलंट घ्या.

बुटाचा तळ आणि खिळखिळी खुर्ची

बुटासाठी कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, म्हणजे चांभाराच्या डब्यातला पिवळसर रबरी गोंद. त्याची सगळी जादू वाट बघण्यात आहे. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करा, जुना गोंद सोलून काढा, दोन्हीकडे पातळ थर द्या. कातड्यासारखी शोषणारी बाजू असेल तर तिला दुसरा थर लागतो. मग दहा ते पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासा झाला की टाचेकडून पुढे दाबत आणा आणि हातोडीने ठोका. इथे धरून ठेवण्याच्या वेळापेक्षा दाबाचा जोर महत्त्वाचा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलीने खूण करावी. ओला असतानाच दाबला तर द्रावक आत कोंडतं आणि तळ दुसऱ्याच दिवशी उघडतो. घरी केलेल्या कामात हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावतानाही हेच लागू: सोल्यूशनची चमक जाईपर्यंत थांबल्याशिवाय ठिगळ टेकवायचं नाही. या गोंदाची वाफ पेट घेते आणि डोकं जड करते. खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद हवी.

पीव्हीसीचे तळ या गोंदाला दाद देत नाहीत. त्यातलं मऊ करणारं तेल हळूहळू गोंदात उतरतं आणि गोंद पातळ करतं. तिथे पॉलियुरेथेनचा बुटांसाठीचा गोंद घ्यावा. आणि बरीच वर्षं कपाटात पडलेल्या बुटाचा तळ भुसभुशीत होऊन चुरा पडत असेल, तर तो पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने आतूनच विघटित झालेला असतो. त्याला कोणताही गोंद वाचवू शकत नाही. तळच बदलावा लागतो.

लाकडी खुर्चीला साधा पांढरा पीव्हीए गोंद पुरतो, तोही घट्ट बसणाऱ्या सांध्यात लाकडापेक्षा मजबूत ठरतो. पण खुर्ची न उघडता फटीत गोंद ओतणं हे काम नव्हे. सांधा रबरी हातोड्याने ठोकून उघडा, जुना गोंद कोरा लाकूड दिसेपर्यंत खरवडा. तो हट्टी असेल तर गरम व्हिनेगरने मऊ पडतो, मग पूर्ण वाळू द्या. नवीन गोंद दोन्ही बाजूंना लावून दोरीचा फास घाला आणि काडी पिळून आवळा. अर्ध्या-एक तासाने दोरी काढता येते, बसायचं मात्र दुसऱ्या दिवशी. दांडी भोकात डुगडुगत असेल तर पीव्हीए नको, संथ एपॉक्सी घ्या, ती फट भरते. खुर्ची चारही पायांवर सपाट टेकते का हे गोंद ओला असतानाच पाहायचं.

जे प्लॅस्टिक काहीच चिकटू देत नाही

बादली, टब, स्टूल, डबे, डब्यांची झाकणं. यातलं बरंच पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएथिलीन असतं. तळाशी त्रिकोणात २, ४ किंवा ५ आकडा असेल तर वर सांगितलेला कोणताही गोंद त्यावर टिकणार नाही. आकडा नसेल तर छोटा भरीव तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. ही दोन्ही प्लॅस्टिकं तरंगतात. एबीएस, पॉलिस्टायरीन, पीव्हीसी, ॲक्रिलिक आणि नायलॉन बुडतात. बुडणाऱ्यांपैकी पहिली चार एपॉक्सी किंवा त्या-त्या प्लॅस्टिकच्या सॉल्व्हंट सिमेंटने, म्हणजे कडा विरघळवून जोडणाऱ्या गोंदाने, नीट जोडता येतात. नायलॉन तिथेही हट्टी ठरतं.

तरंगणाऱ्या प्लॅस्टिकसाठी प्रायमरच्या पेनासह येणारा सुपरग्लूचा संच मिळतो. लहान, वाकवल्या न जाणाऱ्या तुकड्यांवर तो चालतो, बादलीच्या भेगेला पुरत नाही. तिथे शिवण घालावी. भेगेच्या टोकाला तीन मिलीमीटरचं भोक पाडा. टोकदार भेगेच्या तोंडाशी ताण एकवटलेला असतो, गोल भोकाने तो पसरतो आणि भेग पुढे सरकत नाही. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना एक सेंटीमीटर अंतर सोडून भोकांच्या जोड्या पाडा आणि नायलॉनच्या केबल टायने ओवून आवळा. पाणी धरायचं असेल तर आतून ब्यूटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, दाबून बसवा. सोल्डरिंग आयर्नने प्लॅस्टिक वितळवूनही जोडता येतं, पण भरायला त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी हवी आणि धूर नाकात जाणार नाही अशी मोकळी जागा हवी.

निळ्या-जांभळ्या दिव्यासोबत येणारी यूव्ही गोंदाची पेनं जाहिरातीत फार चमकतात. प्रकाश पोहोचला तिथेच ती घट्ट होतात, एवढं लक्षात ठेवलं तर निराशा होत नाही. काचेच्या दोन तुकड्यांमध्ये, किंवा चार्जिंग केबलच्या खरचटलेल्या आवरणावर बाहेरून पातळ लेप द्यायला ती छान. दोन अपारदर्शक तुकड्यांच्या मध्ये गोंद कायम ओलाच राहतो.

काय घ्यावं, कसं ठेवावं

पहिल्यांदा घेणाऱ्याने संथ एपॉक्सी, जेल प्रकारातला सुपरग्लू आणि न्यूट्रल सिलिकॉन घ्यावं. जेल ओघळत नाही, उभ्या जागी थांबतो आणि किंचित फटही सहन करतो. लाकडाचं काम निघालं तर पीव्हीए, बूट निघाला तर रबरी गोंद तेव्हा आणावा. पॉलिश पेपर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र पहिल्या दिवसापासून हवंच. याशिवाय घेतलेला महागातला गोंदही ओशट पृष्ठभागावर हरतो.

गोंद काहीही असो, प्रेशर कुकरचा कान, गॅसची नळी किंवा तिचा जोड, शिडीची पायरी, हेल्मेट आणि विजेच्या प्लगचं फुटलेलं अंग चिकटवून वापरू नये. हे भाग बदलायचेच.

सुपरग्लूची न उघडलेली ट्यूब फ्रिजमध्ये बरीच टिकते. उघडलेली ट्यूब तोंड पुसून, टोपण घट्ट लावून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद डबीत उभी ठेवा. फ्रिजमधून काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत टोपण उघडू नका, नाहीतर आत दव धरतं आणि गोंद ट्यूबमध्येच घट्ट होतो. एपॉक्सीच्या ट्यूबांची टोपणं अदलाबदल झाली तर दोन्ही कायमच्या बंद होतात, म्हणून रंगीत टेपने खूण करून ठेवा. सिलिकॉनच्या नळीच्या तोंडातून सेंटीमीटरभर बाहेर काढून तसंच सुकू द्या. तेच बूच होतं आणि पुढच्या वेळी स्क्रू रुतवून ओढलं की अख्खं निघतं. पुट्टीची जुनी कांडी घेताना कापून बघा. कापलेल्या कडेला कोरडी, चुऱ्यासारखी साल दिसली, तर तेवढा भाग टाकून आतला मऊ भागच मळायला घ्या.